जसे आहे, जेथे आहे

मोटारीची पारख मला उपजतच आहे असे माझे मत असून ते मी आमच्या कांदिवलीच्या इमारतीत वारंवार जाहीर केलेले असल्यामुळे, हप्ते थकलेल्या गाड्यांच्या भिवंडीतल्या लिलावाचा एका बँकेचा जाहीरनामा वाचल्यावर घरी स्वस्थ बसणे मला प्रतिष्ठेच्या दृष्टीने अशक्य झाले. आकुर्ली रोडवरचा महिंद्रांचा कारखाना हाकेच्या अंतरावर असताना जुन्या गाडीसाठी भिवंडी का गाठायची, या शेजाऱ्यांच्या पृच्छेस मी ‘लिलावात रत्ने सापडतात’ असे गंभीर उत्तर दिले. खरे कारण माझ्या पासबुकात होते.

शिवाय या व्यवहाराला मोठी परंपरा आहे. २०१५ च्या डिसेंबरात सरकारने दाऊद इब्राहिमच्या जप्त मालमत्तेचा मुंबईत लिलाव पुकारला, त्यात एक जुनी हिरवी ह्युंदाई अ‍ॅक्सेंट होती. हिंदू महासभेचे स्वामी चक्रपाणी यांनी ती ३२,००० रुपयांना घेतली, तिची रुग्णवाहिका करण्याचा मनोदय प्रकट केला आणि त्याच महिन्यात गाझियाबादेत नेऊन ती चारचौघांसमक्ष जाळली. पेट्रोल, विमा, दुरुस्ती यांच्या मिषाने गाडी आपल्या धन्याला वर्षानुवर्षे जाळत असते. स्वामीजींनी तिला तशी संधीच दिली नाही, आणि मोटार बाळगण्याचा इतका काटकसरीचा प्रकार माझ्या तरी ऐकिवात नाही. पुढे २०१९ साली सक्तवसुली संचालनालयाच्या वतीने एमएसटीसी या सरकारी कंपनीने हिरेव्यापारी नीरव मोदीच्या गाड्या ऑनलाइन लिलावात काढल्या. त्यांतल्या रोल्स-रॉइस घोस्टवर १ कोटी ३३ लाखांची बोली लागल्याचे वाचून, अशी गाडी आमच्या पोईसरच्या गल्लीत वळेल काय, हा प्रश्न मी घरात उपस्थित केला. ‘वळेल हो,’ पत्नी म्हणाली, ‘पण पार्किंगच्या यादीत आपला नंबर कितवा?’

भिवंडीच्या आवारात धुळीने माखलेल्या गाड्या एकीला एक खेटून उभ्या होत्या. गाडी चालवून पाहण्यास मनाई, इंजिनच्या प्रकृतीबद्दल बँक जबाबदार नाही, ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर विक्री, अशा शर्ती मुक्रर झालेल्या होत्या. एका वॅगन-आरचे बॉनेट उघडून, हात पाठीशी बांधून, मी आत बराच वेळ मर्मज्ञ दृष्टीने पाहत राहिलो. शेजारचा एक तरुण डीलर अदबीने म्हणाला, ‘काका, काय बघताय? बॅटरीच नाहीये तिच्यात.’

मग आत डोकावलो. डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती होता, मागच्या काचेवर ‘आईचा आशीर्वाद’ होता, आणि सीटखाली तपकिरी कव्हर घातलेली, ‘इयत्ता तिसरी’ असे लेबल लावलेली गणिताची वही होती. वजाबाक्या अर्ध्यावर सोडलेल्या. ज्या गृहस्थाने ही गाडी घेतली त्यानेही ती प्रथम इमारतीखाली आणून, गरज नसताना एकदा हॉर्न वाजवला असणार. मीही नेमका त्याच हॉर्नसाठी इतक्या लांब आलो होतो. आम्हां दोघांत अंतर होते ते केवळ काही थकलेल्या हप्त्यांचे, आणि त्याच्या पोराच्या देखत गाडी ओढून नेली असेल काय, हा विचार काही केल्या मनातून जाईना.

‘एक वार, दोन वार’ झाले तरी माझा हात वर गेला नाही. याचे श्रेय करुणेला द्यावे अशी माझी इच्छा आहे, परंतु बोली माझ्या ऐपतीपलीकडे गेली होती, हेही नमूद केले पाहिजे. बॅटरीची खबर देणाऱ्या त्याच तरुणाने गाडी घेतली.

जप्तीच्या फर्दीत स्टेपनी, जॅक आणि म्युझिक सिस्टीम यांची चोख नोंद होती, वहीची नव्हती. कर्ज वसूल करावे, गाडी विकावी, त्यास माझी हरकत नाही. परंतु ‘तीन वार’ म्हणण्यापूर्वी गाडीतली मुलांची चीजवस्तू त्यांच्या घरी पोहोचती करण्याची तजवीज बँकांनी करावी, एवढी विनंती आहे.