‘पवार’ नंबर कसा मिळवावा

गाडीवर आडनाव मिरवायचे असेल, तर ते पवार असलेले बरे. कुलकर्ण्यांनी या भानगडीत पडूच नये. पवारांची सोय मात्र इंग्रजी आकड्यांनी आधीच करून ठेवली आहे. चाराचा प, नवाचा व, एकाचा काना आणि दोनाचा र. वरून एक रेघ ओढली की ४९१२ चे ‘पवार’ होतात. हा नंबर महाराष्ट्रात गल्लोगल्ली दिसतो, पण त्यावर खरा ऐतिहासिक हक्क धार आणि देवासचा. बाजीराव पेशव्यांच्या काळात माळव्यात आलेले पवार १९४८ साली संस्थाने मध्य भारतात विलीन होईपर्यंत इथे राज्य करत होते.

इच्छुकाने प्रथम आपला पत्ता तपासावा. पासिंग बहुधा राहत्या जिल्ह्यात होते; गाडी कुठल्या कारखान्यातून आली याला तिथे किंमत नाही. धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला ट्रक आणि टेम्पो बनतात, गाड्या पळवून पाहायला ११.३ किलोमीटरचा लंबवर्तुळाकार ट्रॅकही आहे, तरी तिथे जन्मलेली गाडी केरळचा नंबर लावून फिरू शकते.

धारचा कोड एमपी-११, देवासचा एमपी-४१. हा भेद क्षुल्लक समजू नये. वरच्या लिपीनुसार धारकरांच्या वाट्याला नुसतेच दोन काने येतात, अक्षर नाही. देवासचा ४१ मात्र सरळ ‘पा’ वाचला जातो. त्यामुळे देवासच्या एखाद्या प्रेमळ मुलाने वडिलांच्या गाडीला हौसेने ४१४१, म्हणजे ‘पापा’, घेतला, तर पाटी ‘पा... पापा’ अशी अडखळते. मधे सिरीजची अक्षरे असतात, म्हणून निदान दम तरी खाता येतो.

त्या अक्षरांवर फार आशा ठेवू नये. मध्य प्रदेशात सिरीजचे पहिले अक्षर वाहनाच्या प्रकारावरून पडते: कारला बहुधा सी, मोटारसायकलला एम, स्कूटरला एस. आद्याक्षरे हवी असतील, तर आधी त्यांना शोभेल असे वाहन घ्यावे. भाविकांनी ‘ओम’चाही नाद सोडावा. शून्य आणि एक यांच्याशी घोळ होऊ नये म्हणून ओ आणि आय ही अक्षरे सिरीजमध्ये वापरतच नाहीत. ब्रिटनच्या जुन्या नंबरांत ओ होता, आणि त्याचे मोल असे की २०१४ साली ‘२५ ओ’ ही पाटी सुमारे ५ लाख १८ हजार पौंडांना गेली. घेणारा फेरारी गाड्यांचा व्यापारी होता; फेरारी २५० या मॉडेलसाठी त्याला ती हवी होती.

ज्यांना आडनावापेक्षा मान मोठा, त्यांनी ०००१ पाहावा. देवासात पूर्वी हा प्रश्न फार नाजूक झाला असता. तुकोजीराव आणि जिवाजीराव या दोन भावांपासून तिथे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये झाली. राजधानी एकच, राजे दोन, आणि दोघांनाही पंधरा तोफांची सलामी. रस्त्याच्या एका बाजूला एकाचा अंमल, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचा. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी सचिव होता आणि बागांबरोबर मोटारींची देखरेखही त्याच्या गळ्यात होती. एक नंबर कोणत्या पातीला, हे ठरवण्याचे काम त्याच्यावर आले नाही, हे त्याचे भाग्य. ब्रिटनमध्ये १९०४ च्या सुरुवातीला नंबर आले, तेव्हा लंडनचा ‘ए १’ तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलच्या थोरल्या भावाने पटकावला होता. म्हणजे तिथेही थोरली पातीच पुढे.

आता पातीला कोणी विचारत नाही. परिवहन विभाग फॅन्सी नंबरांचा ऑनलाइन लिलाव करतो आणि जास्त बोली लावणारा जिंकतो. महाराष्ट्रात तर दरपत्रकच आहे: २०२४ च्या वाढीनंतर मुंबई-पुण्यात चारचाकीच्या ०००१ ला सहा लाख रुपये. तेवढ्यात दुसरी छोटी गाडी येते, असे घरच्यांनी म्हटल्यास ऐकू न आल्यासारखे करावे.

समजा ४९१२ मिळाला. खरी परीक्षा आता सुरू होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे चारचाकीवरचे अक्षर आणि आकडा ६५ मिलिमीटर उंच, १० मिलिमीटर जाड आणि शेजाऱ्यापासून १० मिलिमीटर दूर हवा. म्हणजे व आणि त्याचा काना यांच्यात कायदेशीर फट. शिरोरेषा तर नियमात कुठेच नाही. चार जोवर चार दिसतो तोवर गाडी निर्दोष. तो प दिसू लागला की हवालदार शिट्टी वाजवतो. थोडक्यात, पैसे भरून घेतलेले नाव कोणाला वाचता आले नाही, तरच ते बाळगता येते.

पूर्वी रेडियमवाला यातून वाट काढून देई. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेट सक्तीची झाली आणि त्याचा धंदा बसला. अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक, एकदा बसवले की न निघणारे लॉक. नोटा छापणाऱ्या देवासला अशा खुणांचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ब्रिटनमध्ये सरकार १९८९ पासून नावासारखे दिसणारे नंबर स्वतः विकते, तरी अक्षरांतले अंतर बदलून नाव ठळक केले, तर तिथेही एक हजार पौंडांपर्यंत दंड आहे.

एवढे वाचूनही ज्यांचा निश्चय ढळला नसेल, त्यांनी शोरूममध्ये पूर्ण पैसे भरण्याआधी लिलावाची तारीख पाहावी आणि विक्रेत्याला पासिंग थांबवायला सांगावे. नाहीतर तो परस्पर रांगेतला पुढचा नंबर घेऊन मोकळा होतो.