पार्टी येतेय

घर विकायला काढलं की पहिल्यांदा लक्षात येतं, आपण इतकी वर्षं चार भिंतींत नव्हे, एका फायलीत राहत होतो. वडिलांनी गिरगावातली खोली सोडून भाईंदर पश्चिमेला हे घर घेतलं तेव्हा इथे ग्रामपंचायत होती. 1985 साली नगरपालिका झाली, 2002 साली महानगरपालिका. घर जागचं हललं नाही. गावच त्याच्याभोवती बढत्या घेत गेलं. त्यामुळे आमच्या फायलीत तिन्ही जमान्यांचे शिक्के आहेत, आणि त्यातला पहिला इतका फिकट झालाय की तो आहे हे विश्वासावर मानावं लागतं. त्या फायलीतला माझा लाडका कागद म्हणजे सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. वेलबुट्टीची चौकट, मधोमध वडिलांचं नाव, आणि खाली नोंद : प्रत्येकी पन्नास रुपयांचे पाच शेअर्स. बाजारात घराचा भाव कितीही चढो, सोसायटीच्या दप्तरात आमची मालकी अडीचशे रुपयांचीच.

विकण्याच्या कामात आठवणींनाही तारीख लागते, हे मला कर-सल्लागाराने शिकवलं. जुन्या घराची खरेदी किंमत म्हणून 1 एप्रिल 2001 रोजीचा बाजारभाव धरता येतो. सल्लागाराने सहज विचारलं, “त्या दिवशी तुमच्या घराची किंमत काय होती?” मूल्यांकन करणारा ते काढून देईलच, पण माझ्या डोक्यात तो दिवस उघडला. रविवार होता. आदल्या दिवशी इंदूरला सचिनच्या एकदिवसीय सामन्यांतल्या दहा हजार धावा पूर्ण झाल्या होत्या, आणि वडील ती बातमी एकदा स्वतःसाठी आणि एकदा घरासाठी, अशी दोनदा वाचत होते. ओट्यावर उत्तनचे बोंबील होते. खिडकीतून मिठागरांवरचा पांढरा उजेड आत यायचा. तेव्हा मधे इमारत नव्हती. हे सगळं धरून किंमत सांगायची की वगळून, असं विचारायचं ओठांवर आलं होतं. सल्लागार घड्याळ बघत होता, म्हणून राहिलं.

मग एजंट आला. तरुण, चुणचुणीत, पहिल्या वाक्यापासून मला ‘काका’ म्हणणारा. त्याने खिशातून लेझर काढला आणि ज्या खोलीत आम्ही पाचजण झोपायचो तिची लांबी लाल ठिपक्याने क्षणात मोजून टाकली. दुसऱ्या दिवशी त्याने पाठवलेली जाहिरात मी वाचली. स्टेशनपासून चालत. बावन जिनालय हाकेच्या अंतरावर. भरपूर हवा-उजेड. सुभाषचंद्र बोस मैदानापर्यंतची मेट्रो. शांत, सुसंस्कृत सोसायटी. पहाटेच्या लोकलने पलंगाखाली होणारी थरथर, पावसाळ्यात उत्तरेच्या भिंतीवर उगवणारा नकाशा, जनरल बॉडीतली भांडणं यांचा मागमूस नव्हता. मी ते पुन्हा वाचलं आणि वाटलं, अशा ठिकाणी आपल्याला घर मिळालं तर काय बहार येईल! टोकन द्यायला हात शिवशिवले.

“पार्टी येतेय” असा त्याचा फोन आला की आमच्याकडे मुलगी दाखवायची लगबग सुरू होते. वर्षानुवर्षं ठिबकणारा बेसिनचा नळ अनोळखी माणसांसाठी एका दुपारीत दुरुस्त झाला. कालनिर्णयचा खिळा उपटला, भोक बुजवलं, वर रंगाचा हात मारला. आता तारीख बघायला सगळे त्या कोऱ्या भिंतीकडे बघतात आणि गप्प होतात. खाडीपलीकडे 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगिजांना चीजवस्तू घेऊन मानाने बाहेर पडू दिलं होतं. ताबा देण्यापूर्वी त्यांना किल्ल्याला रंग मात्र काढावा लागला नसणार.

एजंटने बाकी सगळं पास केलं. अडला तो मोरीतल्या निळ्या ड्रमवर. “काका, हा आधी हलवा. पार्टी विचारेल, पाणी येत नाही का?” पाणी आता येतं. पण आईने या गावात टँकरमागे धावत संसार केलाय. नळाला पाणी येणं ही तिच्या लेखी अजूनही अफवा आहे, म्हणून ती रोज सकाळी ड्रम भरते आणि वर ताट झाकते. भरलेला ड्रम हलेना. शेवटी आईचा डोळा चुकवून अर्धा रिकामा केला आणि शेजारच्या वहिनींच्या गॅलरीत नेऊन ठेवला.

त्या रविवारी आलेल्या पार्टीत एक मारवाडी आजी होत्या. मुलगा मोबाईलवर होकायंत्र धरून ईशान्य शोधत होता, सून ओट्याची उंची बघत होती. आजींनी कशाकडेच पाहिलं नाही. त्या थेट आईजवळ बसल्या आणि विचारलं, “पानी कितने बजे आता है?” एजंट घाईने “चोवीस तास” म्हणाला. दोघींपैकी कोणीही त्याच्याकडे वळून बघितलं नाही. आई आपल्या गिरगावी हिंदीत सांगू लागली : कोणत्या साली पाणी किती दिवसांआड यायचं, जिन्यातून हंडे चढवताना गुडघे कसे गेले, टँकरवाल्याशी कसं बोलायचं. एजंटचा चेहरा उतरत गेला. आजींचा मात्र उजळत गेला. इतक्या फ्लॅटमधून फिरून अखेर कोणीतरी त्यांना खरं बोलणारं भेटलं होतं. थोड्या वेळाने दोघी एकमेकींचा हात धरून उठल्या आणि वहिनींच्या गॅलरीत गेल्या.

परत आल्या तेव्हा आजींनी मुलाला होकायंत्र खिशात ठेवायला सांगितलं. मग आईला विचारलं, “वो ड्रम साथ में दोगे ना?”

आई बराच वेळ विचार करत होती. एजंट श्वास रोखून उभा.

“फ्लॅट का इसके साथ बोलो,” ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. “ड्रम का मेरे साथ अलग से बोलना पडेगा.”