बफर ठेवलाय!

हे काका तुमच्याही सोसायटीत असणार. निगडी प्राधिकरणापासून मोशीपर्यंत दर इमारतीत एक तरी असतोच. आमचे काका चाकणच्या एका कंपनीत प्रॉडक्शन प्लॅनिंगला आहेत. रिटायरमेंटला अजून ३ वर्षं आहेत, पण एक्सेल शीट तयार आहे: सहा ते सात दुर्गाटेकडी, सात ते आठ बासरी, आठ ते सव्वाआठ बफर.

बफर म्हणजे काकांचा जीव की प्राण. चाकणच्या ट्रॅफिकने तो त्यांच्या अंगी मुरवला. लग्नाला निघताना बफर, बीपीच्या गोळ्यांत बफर. नर्मदा परिक्रमेच्या आराखड्यात तर खास गुडघेदुखीसाठी ९ दिवसांचा बफर. बासरी मात्र अजून घेतलेली नाही. 'व्हेंडर फायनल व्हायचाय.'

दर रविवारी रिटायरमेंटची 'ट्रायल' असते. मागच्या ट्रायलला त्यांनी स्वयंपाकघरात कारखान्यातलं फाइव्ह-एस, म्हणजे प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा, राबवलं. डबे नव्या जागी गेले, मोहरी सापडेपर्यंत तेल जळालं. काकू म्हणाल्या, "तुमच्या त्या शीटमध्ये मी कुठंय?" काकांनी शोधलं. काकू बफरमध्ये होत्या.

पेन्शनचा विषय निघाला की सुटका नाही. "पगार कितीही असो, धरायचे १५ हजार. गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पूर्ण ३५ वर्षं धरली तरी साडेसात हजार! मग बफर नको?"

म्हणून मी त्यांना टाळतो. परवा चाकणला टपरीवर दिसले, तेव्हाही मागे फिरणार होतो. भोवती कंत्राटी पोरं होती आणि काका एकेकाच्या मोबाइलवर पीएफचं पासबुक तपासत होते. कंत्राटदार बदलला की पोरं पैसे काढून मोकळी होतात. पेन्शनला १० वर्षं सेवा लागते. पेन्शनची रक्कमही काढून घेतली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. २५ वर्षांच्या एका पोराची चार कंत्राटदारांकडची तुकड्या-तुकड्यांची नोकरी काकांनी एका खात्यात जोडून दिली होती.

"काढू नकोस, ट्रान्सफर कर," ते दटावत होते.

"काका, पेन्शनला ३३ वर्षं आहेत. गाडीचा हप्ता ५ तारखेला आहे."

काका गप्प झाले. मग पाकीट काढून म्हणाले, "परत कधी देशील?"

"पगार झाला की. १० तारखेला."

"बरं. मी २५ धरतो."