येत नाही की जात नाही?

वसई पूर्वेला गोलाणी नाक्यापासून वालीव-सातिवलीपर्यंतच्या गाळ्यांत ज्याला सगळे ओळखतात, पण ज्याचं नाव कुणाच्याच पगारपत्रकावर नाही, तो मेलवाला. पाठीवर सॅक, सॅकमध्ये क्रिम्पिंगची पक्कड, गुंडाळलेली निळी केबल आणि एक चार्जर. कुणाचा, ते त्यालाही आठवत नाही. राहायला विरारला. महिन्याचे पैसे ठरलेले, मिळण्याची तारीख न ठरलेली.

“दादा, मेल येत नाहीये,” अकाउंट्सच्या मॅडम फोनवर सांगतात.

“येत नाहीये की जात नाहीये?”

मॅडम गप्प. या प्रश्नाने घाबरून निम्मे लोक फोन ठेवतात, स्वतःच काहीतरी बंद-चालू करतात, आणि बऱ्याचदा मेल सुरूही होतो. अशा कामाचं बिल आपण लावत नाही, हे तो प्रत्येक शेठला आवर्जून सांगतो.

शेठचा हिशोब सरळ असतो. तयार मेल घ्यायचा तर माणशी दरमहा भाडं. त्यापेक्षा एक जुना कॉम्प्युटर, त्यावर फुकटचं लिनक्स, त्यावर मेल सांभाळणारं फुकटचं झिम्ब्रा, आणि या सगळ्यावर मेलवाला. हा डबा कपाटाच्या वर, देवांच्या फोटोशेजारी ठेवलेला. २०१८च्या जुलैत वसईत पाणी भरलं, लोकल अडकल्या, वीज गेली. तेव्हापासून ‘सर्व्हर खांद्याच्या वर’ हा त्याचा नियम. उदबत्तीची राख पंख्यात जाते, ते त्याला चालतं. प्रॉक्सी चालत नाही.

प्रॉक्सी आली ती ‘आधीच्या माणसा’मुळे. प्रत्येक मेलवाल्याला एक आधीचा माणूस असतो आणि जगातली सगळी पापं त्याच्या खाती जमा असतात. त्याने म्हणे झिम्ब्रा टाकताना प्रत्येक प्रश्नाला नुसतं एंटर मारलं. झालं, दारात प्रॉक्सी येऊन बसली. बाहेरून ४४३ किंवा ९९३ नंबरच्या पोर्टवर येणाऱ्याला तिने थांबवायचं आणि आत ८४४३ किंवा ७९९३ वर नेऊन सोडायचं. मेलच्या पेट्या दहा मशीनवर विखुरलेल्या असतील तर कुणाची पेटी कुठे, हे माहीत असणारं कुणीतरी दारात लागतंच. इथे डबा एक, पेट्या चाळीस, त्यातल्या पंधरा नोकरी सोडून गेलेल्यांच्या.

“हा असा वॉचमन आहे शेठ, की येणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढे रजिस्टरमध्ये स्वतःचंच नाव लिहितो!” हे त्याचं ठरलेलं भाषण. आणि यात तथ्य आहे. प्रॉक्सी मध्ये असली की आतल्या लॉगमध्ये बाहेरच्याचा पत्ता दिसत नाही, प्रॉक्सीचाच दिसतो. एकदा कुठूनतरी पासवर्डांचे अंदाज मारणं सुरू झालं. दाराशी बसवलेल्या फेलटूबॅनने लॉग वाचला, गुन्हेगाराचा पत्ता शोधला आणि त्याला बंदी घातली. पत्ता सर्व्हरचा स्वतःचाच होता. गाळ्याचा मेल गाळ्यानेच बंद केला आणि चोर मोकळा.

खरं तर यावर एका ओळीचा उतारा आहे. ‘झिम्ब्रामेलट्रस्टेडआयपी’मध्ये प्रॉक्सीचा पत्ता टाकला की खऱ्या पाहुण्याचा पत्ताही लॉगमध्ये उमटू लागतो. मेलवाल्याला हे ठाऊक आहे. पण शत्रूशी तह करणाऱ्यांतला तो नव्हे. प्रॉक्सी ज्यावर चालते ते एंजिनएक्स इगोर सिसोएव या रशियन माणसाने लिहून २००४ साली जगाला खुलं केलं, जगातल्या असंख्य वेबसाइट त्याच्यावर उभ्या आहेत. मेलवाला मात्र वालीवच्या गाळ्यात कटिंग पीत त्याला एकेरीत झापतो.

मग प्रॉक्सीला हाकलायला रविवार गाठायचा. गाळा बंद, शटर अर्धं वर. आधी बॅकअप, यात तो कधीच आळस करत नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. मग सेवांच्या यादीतून प्रॉक्सी काढायची, तिच्या सोबतीचं मेमकॅश्ड काढायचं, पोर्ट पुन्हा मूळ नंबरांवर आणायचे आणि रीस्टार्ट. हे पोर्टचं राहिलं तर सोमवारी कुणालाच दार सापडत नाही. सगळं हिरवं ‘रनिंग’ दिसलं की तो शटरबाहेर येऊन वडापाव खातो.

२०१६ साली झिम्ब्राची ८.७ आवृत्ती आली आणि तिने प्रॉक्सी सक्तीची केली. मेलवाल्याने ती आवृत्तीच टाकली नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या गेल्या, तत्त्व राहिलं. हा सौदा वाईट होता, पण ते त्याला सांगणार कोण?

परवा शेठचा एमबीए झालेला पुतण्या आला. दोन दिवस हिशोब चाळून म्हणाला, “काका, सरळ क्लाउडवर जाऊ. हा मधला माणूस कशाला?” काकांना पटलं. पुतण्याने डोमेनच्या खात्यात शिरायचा प्रयत्न केला, तर ओटीपी मेलवाल्याच्या मोबाइलवर. डोमेन घेताना शेठच म्हणाले होते, “तुझाच नंबर टाक रे, मला ती कटकट नको.”

पुतण्याने फोन लावला. विरार फास्ट भाईंदरच्या खाडीपुलावर होती आणि मेलवाला एका पायावर.

“हो साहेब, ओटीपी आल्यासारखा वाजला खरा,” तो कानातल्या वायरीत ओरडला. “पण खिशापर्यंत हात जात नाही. वसईला उतरायला मिळालं तर सांगतो, नाहीतर मग विरारला.”