येऊन राह्यलं!

दसरा उलटला की पुलगावात दोन गोष्टी हमखास दिसतात. बाजारात कापूस आणि ओट्यावर टपालाची वाट पाहणारे काका. यांपैकी कापूस वेळेवर येतो.

हे काका एका घरात राहत नाहीत. एक स्टेशनकडे आहेत, एक नाचणगावच्या रस्त्याला, एक बंद पडलेल्या कापड गिरणीच्या मागे. आडनावं निराळी, चष्म्याचे नंबर निराळे; बाकी सगळं तेच. वय साठीच्या पुढे, मुलगा पुण्यात, लेक अमेरिकेत, आणि दिवाळीच्या महिनाभर आधीपासून कुठून ना कुठून काहीतरी ‘निघालेलं’. म्हणून सगळ्यांचे मिळून एकच काका करतो.

काका डेपोत स्टोअरला होते. पुलगावचा डेपो म्हणजे सैन्याचं केंद्रीय दारूगोळा भांडार. तिथे वस्तू एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये सरकली तरी कागद लागायचा आणि त्या कागदावर सह्या लागायच्या. उभी नोकरी अशी काढलेल्या माणसाचं ‘तुमचं पार्सल वाटेत आहे’ या उत्तराने समाधान कसं व्हावं? कोणत्या वाटेत? कोणाच्या ताब्यात? कोणी घेतलं, कोणी दिलं? काकांचं टपालाशी भांडण वैयक्तिक नाही, ते खातेनिहाय आहे.

स्पीड पोस्टाचा क्रमांक तेरा खणांचा असतो. आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी ‘आयएन’. काकांना तो रामरक्षेसारखा पाठ असतो. स्वतःचा मोबाइल नंबर मात्र काकूंना विचारून सांगतात. सकाळी उठले की चहाच्या आधी तो क्रमांक मोबाइलमध्ये घालायचा आणि आलेली इंग्रजी ओळ घरच्यांना मराठीत ऐकवायची.

“आयटम बॅग्ड. म्हणजे पिशवीत घातलं.”

दुसऱ्या दिवशी, “आयटम डिस्पॅच्ड. म्हणजे पिशवी निघाली.”

तिसऱ्या दिवशीही डिस्पॅच्ड, चौथ्या दिवशीही डिस्पॅच्ड. काकू स्वयंपाकघरातून विचारतात, “आलं का हो?”

“येऊन राह्यलं,” काका सांगतात. इकडे या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारायची पद्धत नाही.

काकांचा खरा सिद्धान्त रेल्वेचा आहे आणि तो ते स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर, नकाशा काढल्याशिवाय, फक्त बोटांनी मांडतात. मुंबईहून नागपूरला जाणारी गाडी आधी बडनेऱ्याला येते, मग धामणगावला, मग आपल्या पुलगावला. वर्धा त्याच्या पुढे, नागपूर तर आणखी पुढे, म्हणजे इथून शंभरावर किलोमीटर. पण टपालाची छाननी मोठ्या केंद्रात होते. त्यामुळे मुंबईहून पुलगावसाठी निघालेलं पार्सल आधी नागपूर पाहतं, मग वर्ध्याला परत फिरतं, मग पुलगावात उतरतं.

“म्हणजे माह्यं पार्सल रातच्याला माह्याच घरासमोरून गेलं,” काका टेबलावर बोट आपटतात, “अन् मी झोपेत होतो! पूर्वी आरएमएसच्या, म्हणजे रेल्वे टपाल सेवेच्या, डब्यात चालत्या गाडीत टपाल निवडत होते. स्टेशन आलं की पिशवी खाली. आता सुधारणा झाली नं, म्हणून दोनदा प्रवास.”

कोणी तरुण पोरगा विचारतो, “काका, मग तुमी प्लॅटफॉर्मवर जाऊन हात दाखवाचा ना पार्सलले.” त्या पोराच्या चहाचे पैसे काका देत नाहीत.

काकांचं वर्ष सणांनी नाही, सणांच्या उशिराने चालतं. सुरुवात राखीपासून. २०२५ साली राखी पौर्णिमा ९ ऑगस्टला होती आणि नेमकी त्याच सुमारास टपाल खात्याने आपली नवी संगणकप्रणाली देशभर लावली. दीड लाखाहून अधिक कार्यालयांचं खातं. यंत्र बदलायचं म्हणजे थोडं अडखळणारच. पण मुहूर्त असा की बहिणींच्या पाकिटांचे ढीग एकीकडे आणि नव्या पडद्यासमोर डोकं खाजवणारे बाबू दुसरीकडे. खातं राखीसाठी पाण्याने न भिजणारं पाकीट विकतं. काकांच्या बहिणीने तेच घेतलं होतं. राखी आली ती पोळ्याच्या दिवशी. “पाकीट भिजलं नाही, एवढं कबूल आहे,” काका म्हणाले, “पण आता ही मी हाताले बांधू का बैलाच्या शिंगाले, ते खात्यानंच सांगावं.”

पुढचा धक्का त्यानंतरचा. वेगळी रजिस्टर पोस्ट सेवा संपली, ती स्पीड पोस्टात विलीन झाली. गावाला कळलंही नाही. काकांनी मात्र दोन दिवस दाढी केली नाही. कारण रजिस्टर हे त्यांचं शस्त्र होतं. भाडेकरू, भाऊबंद, शेताच्या धुऱ्यावरचा शेजारी, सगळ्यांना ते एकाच वाक्याने गार करत: “रजिस्टर नोटीस पाठवीन!” आता ‘स्पीड पोस्टानं पाठवीन’ म्हटलं की समोरचा घाबरत नाही, उलट विचारतो, “म्हणजे कवापर्यंत येईन, काका?”

मग दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी माणूस फराळासोबत वाचू लागला. पुलगावचा मराठी माणूस हुरड्यासोबत वाचतो. अंकाचा संच सवलतीत मिळावा म्हणून काका वर्गणी गणपतीतच भरतात. वसुबारसेला अंक नाही, पाडव्याला नाही, तुळशीचं लग्न लागून ऊस सोलला तरी नाही. मधल्या काळात पुण्याच्या मुलाने तेच अंक वाचून संपवलेले असतात आणि फोनवर तो एका कथेचा शेवट सांगून टाकतो. त्या दिवशी काकांचा राग टपालावरून मुलावर आणि मुलावरून पुण्यावर जातो.

पुण्यावर राग जायला आणखी एक कारण आहे. पुण्याजवळ फुलगाव नावाचं गाव आहे. छत्तीसगडात दुर्गजवळ चक्क दुसरं पुलगाव आहे. पाठवणाऱ्याने इंग्रजीत एक अक्षर इकडचं तिकडे केलं आणि पिन कोड घातला नाही, तर चकली कुठेही तीर्थयात्रा करून येऊ शकते. काकांना हे ठाऊक आहे. म्हणूनच पिन कोड हा त्यांचा अभिमानाचा विषय. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो सुरू झाला आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस, शिवाय संस्कृतचे पंडित, हे ते प्रत्येक लग्नात शेजारच्या पंगतीला ऐकवतात. “पयला आकडा चार, म्हणजे आपला पट्टा. ४४२ म्हणजे वर्धा-चंद्रपूरकडचा. अन् शेवटचे तीन म्हणजे नेमकं आपलं ऑफिस. ४४२३०२! एवढं सोपं करून ठेवलं त्या माणसानं.”

आणि काका स्वतः पुण्याच्या मुलाला पत्ता काय देतात? ‘मिलच्या मागे, जुन्या चिंचेजवळ, पुलगाव, जि. वर्धा.’ पिन कोड कुठे? “त्याले माहीत नाही का? इथंच वाढला ना तो!”

इथे पोस्टमनचं म्हणणं ऐकायला हवं. तो काकांच्या नातवाच्या वयाचा, दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेला. सणाच्या दिवसांत त्याच्या पिशवीत बँकांची चेकबुकं, आधार कार्डं, पासपोर्ट, कोर्टाचे कागद आणि त्यावर ऑनलाइन सेलची खोकी. दिवस मात्र तेवढाच, पाय तेवढेच. तो काकांना एकदाच म्हणाला, “काका, मिल बंद पडलेली, चिंच तोडलेली. मी कोणाले विचारू?” काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “मले विचाराचं ना! मी ओट्यावरच बसलेलो असतो.”

या वाक्यामुळेच पुढचा प्रसंग इतिहासात नोंदवण्यासारखा. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मोबाइलवर ओळ उमटली: ‘डोअर लॉक्ड’. दाराला कुलूप! काका सकाळी सातपासून ओट्यावर. जेवणही तिथेच. दुपारची झोपसुद्धा त्यांनी बसून काढली. “माह्या दाराले कुलूप?” ते पूर्ण आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “अरे, मीच दारात कुलपावानी बसलो होतो!” नंतर उलगडा झाला की बंद दार चिंचेच्या जुन्या जागेशेजारचं होतं. पण तो अपमान काकांनी अजून बट्ट्याखाती टाकलेला नाही.

लेकीच्या पार्सलाची कथा आंतरराष्ट्रीय आहे. अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली जकातमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढली आणि आपल्या टपाल खात्याला २५ ऑगस्टपासून तिकडे जाणारी बहुतेक पार्सलं थांबवावी लागली. सुरुवातीला पत्रं आणि शंभर डॉलरपर्यंतच्या भेटी तरी चालू होत्या, मग त्याही थांबल्या. काकूंनी अनारशाचं पीठ भिजवायच्या आत काका जागतिक व्यापाराचे जाणकार झाले. टपरीवर त्यांनी जाहीर केलं, “ट्रम्पनं आमची चकली अडवली.” शेजारच्याने विचारलं, “त्याले तुमच्या चकलीचा काय त्रास?” “तेलकट असन,” तिसरा म्हणाला. १५ ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली, तेव्हा लक्ष्मीपूजन आठवड्याच्या आत आलं होतं. काकांनी त्याच दिवशी डबा नेला. चकली पोचली ती चुरा होऊन. लेकीने फोनवर सांगितलं, “बाबा, दह्यात टाकून खाल्ली, मस्त लागली.” काका गहिवरले आणि लगेच तक्रार लिहायला बसले.

तक्रार हा काकांच्या साहित्याचा प्रांत. ऑनलाइन तक्रार ते करत नाहीत. तिला वजन नसतं. टपालाच्या दिरंगाईची तक्रार ते टपालानेच पाठवतात, पोस्टकार्डावर, म्हणजे वाटेत जितके जण हाताळतील तितके वाचतील. ‘महोदय’पासून ‘कळावे’पर्यंत इंचभर जागा मोकळी सोडत नाहीत. उत्तर यायला उशीर झाला तर उशिराची तक्रार वेगळी, पहिल्या कार्डाचा संदर्भ देऊन. काकू एकदा म्हणाल्या, “तुमची तक्रार तरी पोचली का?” काका म्हणाले, “येऊन राह्यलं उत्तर.”

मग खासगी कुरिअर का वापरत नाही, असं त्यांना विचारून पाहा. एकदा वापरलं होतं. तिकडून फोन आला, “काका, तुमचं पाकीट आलं आहे, येऊन घेऊन जा.” काका उन्हात गेले, सही केली, स्वतःच्या हाताने पाकीट घरी आणलं आणि दारात उभं राहून काकूंना म्हणाले, “पोस्टमन आला, बक्षिसी द्या.” त्यानंतर कुरिअरचं नाव नाही. पोस्टमनला मात्र ते दिवाळीची पोस्त न मागता देतात, वर चिवड्याची पुडी. पुडी देताना सुनावतातही, “तुमच्या पार्सलापेक्षा लवकर पोचली, बघा.”

आमच्या काळी टपाल कसं वेळेवर यायचं, हे काकांचं आवडतं भाषण. त्यात गैरसोयीचे तपशील नसतात. यांच्याच लग्नात मामांच्या येण्याची तार मामा जेवून झोपल्यावर आली होती, हे काकूंना स्वच्छ आठवतं. तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली. काकूंची आठवण चालू आहे.

एवढं सगळं असूनही माझा निकाल काकांच्या बाजूचा आहे. ज्यांचा टपालावरचा विश्वास उडाला त्यांनी तक्रार करणं केव्हाच सोडलं. ते निमूटपणे दुसरीकडे गेले. ओट्यावर बसून शिव्या देणारा हा एकच माणूस अजून मानतो की मुंबईत पेटीत टाकलेलं पाकीट पुलगावच्या चिंचेजवळ, चिंच नसतानाही, आलंच पाहिजे. खात्याला याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळणार नाही, फक्त ते ओरडून दिलं जातं. खात्याने ते ऐकावं आणि सणाच्या महिन्यात पिशव्यांबरोबर माणसंही वाढवावीत.

आणि तुम्ही पुलगावला काही पाठवणार असाल, तर दसऱ्याच्या आत पाठवा. पत्त्यात चिंच नको, घर क्रमांक आणि मोबाइल नंबर लिहा, खाली ४४२३०२ ठळक अक्षरात. तरीही उशीर झाला तर लेखी तक्रार करा. मसुदा काका फुकट लिहून देतात.