कोचला दिवस किती देणार?

गोव्यात फतोर्ड्याच्या मैदानावर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी भारताच्या फुटबॉल संघाकडून छांगतेने चौदाव्या मिनिटाला गोल केला. मग सिंगापूरच्या साँग उई-यंगने दोन मारले आणि २०२७च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली. त्या रात्रीपासून चाहत्यांत जुना वाद नव्याने पेटला : राष्ट्रीय संघाचा कोच खालिद जमीलला ठेवायचं की काढायचं? काढलं तर कोण? देशी की परदेशी?

हा वाद आपण चुकीच्या टोकाने धरतो.

परदेशी कोच म्हणाल, तर इंग्लंडचा हाउटन झाला, हॉलंडचा कोवरमान्स झाला, कॉन्स्टंटाइन तर दोनदा येऊन गेला. १९९८च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाचा स्टिमाचही पाच वर्षं होता. देशी म्हणाल, तर मधल्या काळात गोव्याचे आर्मांदो कुलासो आणि साव्हियो मदेरा होऊन गेले. नावं बदलली, पासपोर्ट बदलले, दुखणं तेच राहिलं. मानोलो मार्केझला तर एफसी गोवाचा कोच असतानाच देशाचा संघ दिला. आठ सामन्यांत एक विजय, तोही मालदीववर. राष्ट्रीय संघ हे कुणाचं जोडकाम नव्हे, आणि तो निर्णय अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा होता. त्याबद्दल चाहत्यांनी महासंघाला धारेवर धरायला हवं होतं. आपण शिव्या दिल्या त्या मार्केझला.

खरा प्रश्न दिवसांचा आहे. २०२४च्या जानेवारीत आशियाई चषकासाठी संघ एकत्र आला तो जेमतेम दोन आठवडे आधी. तीन सामने हरलो, एकही गोल केला नाही. खालिदच्या वाट्याला आलेला काळ तर त्याहून वाईट : ऑगस्ट २०२५मध्ये त्याने सूत्रं घेतली आणि सप्टेंबरात सुरू होणारी इंडियन सुपर लीग वेळेवर सुरूच झाली नाही. सामन्याचा सराव नसलेल्या पायांतून कोणता कोच गोल काढणार?

आणि गोल करणार कोण? आपल्या लीगमध्ये मैदानावर चार परदेशी खेळाडू चालतात आणि बहुतेक क्लब त्यांतला एक हमखास स्ट्रायकरच्या जागी उभा करतात. भारतीय पोरगा विंगेवर सरकतो, नाहीतर बाकावर बसतो. म्हणून तर निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला चाळिसाव्या वर्षी परत बोलवावं लागलं. ही पोकळी ग्वार्डिओलालाही भरून काढता येणार नाही.

भारताचे जुने कोच सय्यद अब्दुल रहीमसाहेबांचं नाव या वादात हटकून निघतं, निघायलाच हवं. १९५१ आणि १९६२च्या आशियाई क्रीडास्पर्धांतली सुवर्णपदकं, १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. पण त्यांच्या हाताखाली हैदराबाद पोलिसांचा संघही होता, त्याने १९५०पासून सलग पाच वर्षं मुंबईत रोव्हर्स कप जिंकला, आणि त्यातली पोरं त्यांनी स्वतः घडवलेली होती. रहीमसाहेब हवेत असं म्हणणाऱ्याने त्यांना मिळालेला काळही मागायला हवा.

खालिदचीच गोष्ट घ्या. मुंबई एफसीतून बाहेर पडल्यावर तो मिझोरामच्या आयझॉल एफसीला गेला. तो संघ आधीच्या मोसमात घसरून आय-लीगबाहेर पडला होता. गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून त्याला परत घेतलं. खालिदने मुंबईतून ओळखीचे जयेश राणे, आशुतोष मेहता नेले, तिथल्या पोरांशी त्यांची मोट बांधली आणि २०१६-१७ची आय-लीग जिंकली. त्याच्या हातात तेव्हा एक अख्खा मोसम होता आणि रोजचा सराव होता.

तेव्हा पुढचा कोच कोणीही असो, नेमणूक जाहीर होईल त्याच दिवशी महासंघाने आणि क्लबांनी मिळून कॅम्पच्या तारखाही जाहीर कराव्यात, आणि लीगच्या प्रत्येक संघात आघाडीला एक भारतीय स्ट्रायकर सक्तीचा करावा. चाहत्यांनी फलक धरायचेच असतील तर या दोन मागण्यांचे धरावेत.