जिन्यातल्या गाठी

अर्ज या वाङ्मयप्रकाराची मराठी समीक्षेनं फार उपेक्षा केली. खरं तर इतका शिस्तीचा प्रकार दुसरा नाही. वर ‘प्रति’, मग ‘विषय’, मग ‘संदर्भ’, आणि त्याखाली ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की’पासून निघून ‘तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती’ला पोचेपर्यंत श्वास न घेणारं एकच वाक्य. लेखक का लिहितो यावर परिसंवाद होतात, चहा होतो, आभारप्रदर्शन होतं. अर्जदाराला हा प्रश्न कुणी विचारत नाही. त्याचं प्रयोजन वरच्या बाजूला खाली रेघ मारून दिलेलं असतं.

माझं प्रयोजन होतं ‘जिन्यातील कापडाच्या गाठी हटविणेबाबत’. नागपूरच्या गांधीबागेत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याचं घर खालच्या दुकानाच्या मर्जीनं सुरू होतं. इथला कापडाचा ठोक बाजार मोठा. सुरत, भिवंडी, इचलकरंजीकडून गाठी येतात, ट्रकमधून उतरतात, हातठेल्यावर चढतात आणि दुकानात जागा होईपर्यंत शेजारच्या जिन्यात मुक्काम करतात. शेजारचा जिना म्हणजे माझा. दूधवाला, गॅसचं सिलिंडर आणि घरी आलेले व्याही, सगळ्यांना या गाठी ओलांडूनच वर यावं लागे. मी अर्ज दिला. त्यावर आवक क्रमांक पडला, शिक्का बसला. गाठी जागच्या जागी होत्या.

काही दिवसांनी मी पेपरात वाचकांच्या पत्रांच्या सदरात लिहिलं. पत्राला राग लागतो. अर्जातली ‘विनंती’ इथे चालत नाही. शेवटी ‘संबंधित अधिकारी झोपले आहेत काय?’ असं विचारावंच लागतं. मला तसा राग नव्हता, पण प्रकाराची गरज म्हणून आणला. या प्रकाराची वंशावळ मात्र खानदानी आहे. सरकारी नोकरीत असलेल्या गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये ‘लोकहितवादी’ या नावानं शंभरावर पत्रं लिहिली आणि आपल्याच लोकांचे कान उपटले. टोपणनाव घेतलेल्या पत्राइतकी सोयीची जागा त्यांना दुसरी कुठे मिळाली असती? पुढे १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ काढली आणि पत्रांना निबंधानं उत्तर दिलं. त्यांना समजूत घालायची नव्हती, लढायचं होतं. त्यामुळे वाक्यंही फौजेसारखी लांबच लांब. माझं पत्र छापून आलं. संपादकांनी त्यातला राग तेवढा ठेवला होता, गाठी कापल्या होत्या.

आमच्या भागात तक्रारीचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो छापत नाहीत, जाळतात. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी जुन्या नागपुरातून मारबतींचे पुतळे निघतात. काळी १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. काळी म्हणजे इंग्रजांना सामील झालेली भोसल्यांच्या घरातली बाकाबाई, असं सांगतात. मारबतींच्या मागे बडगे. बांबू, रद्दी, फाटकी कापडं यांचे हे पुतळे, आणि गळ्यात पाटी. त्या पाटीवर त्या वर्षाचं जे काही छळून राहिलं असेल ते: महागाई, भ्रष्टाचार, एखादा पुढारी. ‘घेऊन जा गे मारबत’ असा गलका करत सगळं गावाबाहेर न्यायचं आणि पेटवायचं. अग्रलेखाला जे आठशे शब्दांत साधत नाही ते बडग्याच्या पाटीला चार शब्दांत साधतं, कारण त्याला तोल सांभाळायचा नसतो. ‘दुसरी बाजू’ नावाची वस्तू बडग्याला नाही. ती असती तर तो पेटला नसता.

गाठींचा बडग्या काढावा असं एकदा मनात आलं. पण तोंड कुणाचं लावायचं? खालचे शेठ दिवाळीला संत्रा बर्फीचा डबा न चुकता पाठवतात. हमालाचं लावावं, तर तो बिचारा अख्खी गाठ पाठीवर घेऊन येतो आणि मला बघून ‘जपून जी, मास्तर’ म्हणतो. हा प्रकार माझ्या कामाचा नव्हता. मला पूर्ण वाईट माणूसच सापडत नव्हता.

ज्याला असा माणूस सापडत नाही, पण सुधारणा तर करायची असते, त्यानं काय लिहावं? याचं उत्तर आमच्याच गावात जन्मलेल्या माणसानं देऊन ठेवलं आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, जन्म नागपूर, १८७१. पेशानं वकील, मनानं सुधारक. विधवेच्या पुनर्विवाहासारखा मोठा प्रश्न त्यांनी ‘मतिविकार’ नाटकात रंगभूमीवर नेला. पण मुहूर्त, शकुन, सोवळं असल्या घरगुती खुळांसाठी पडदा वर करणं परवडत नाही. त्यांना हसणंच लागू पडतं. १९०२ मध्ये ‘विविधज्ञानविस्तारा’त त्यांचा ‘साक्षीदार’ हा लेख आला, आणि पुढे अशा लेखांचे ‘सुदाम्याचे पोहे’ झाले. व्याख्यानात रूढीला विरोधक म्हणून उभं करावं लागतं. कोल्हटकरांनी तसं न करता सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या तिघांना रूढींच्या घोळात सोडून दिलं आणि आपण बाजूला बसले. आज वाचताना त्यातल्या काही कोट्या दमवतात, हे खरं. पण बंडूनाना डोक्यातून जात नाही. मला वाटतं, ज्याच्यावर पानंच्या पानं हसायचं त्याच्याशी लेखकाला संसार करावा लागतो. सुधारकाच्या प्रयोजनाला विनोदानं हात दिला तो असा, आणि देताना त्यातला कडवटपणा गुपचूप काढून घेतला.

याच गावचे कवी ग्रेस अगदी दुसऱ्या टोकाला. ‘चर्चबेल’ किंवा ‘मितवा’ उघडून ‘विषय’ शोधणाऱ्या वाचकाला रिकाम्या हातानं परतावं लागतं. प्रतिमा पुढे चालते, लेखक मागून. त्यांना कुणाकडून काही हटवून घ्यायचं नव्हतं. ‘वाऱ्याने हलते रान’ या ललितलेखांना २०११ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, म्हणजे विषयाची रेघ नसली तरी टपाल पोचतं.

मी या दोघांच्या मधला, म्हणजे साधा ललित निबंधवाला. गांधीबागेत गिऱ्हाईक आलं की आधी विचारतात, कशासाठी पाहिजे? लग्नाला, गादीच्या खोळीला, की अस्तराला? त्याशिवाय थान उलगडत नाहीत. ललित लेखक आधी कापड घेऊन येतो आणि याचं काय शिवावं ते घरी बसून ठरवतो. मी गाठींवर लेख सुरू केला तो त्या हटाव्यात म्हणूनच. पण लेखाला ‘अडथळा’ या एका शब्दावर भागेना. गाठ कशी दिसते, हे सांगावं लागलं. गोणपाटाचा वास, निळ्या शाईनं रंगवलेली गावांची नावं, दुपारी एकच्या सुमारास सगळा बाजार जेवायला बसला की गाठीवर आडवा होणारा हमाल, आणि त्याची झोप मोडू नये म्हणून कठड्याला धरून वर चढणारा मी. अर्जात या हमालाला जागा नव्हती, पत्रात त्याच्यावर राग काढावा लागला असता. इथे तो आपणहून पहिल्या परिच्छेदात येऊन झोपला.

लेख निम्म्यावर आला आणि एका सकाळी जिना रिकामा. मी चपला घालून तडक दुकानात गेलो.

“गाठी काहून हटवल्या जी?”

शेठ चकित झाले. “तुमचाच तं अर्ज होता नं, मास्तर. काल साहेब लोकं येऊन गेले. नोटीस देऊन राहिले होते.”

मी त्यांना लेखाचं सांगितलं. निम्मा झाला आहे, गाठी समोर असल्या की वाक्यं येतात, वगैरे. त्यांनी हिशेबाची वही मिटली, थोडा विचार केला.

“मंग लेख होयेपर्यंत ठेवू का दोन? पन कोन्त्या ठेवाच्या, साडीच्या का अस्तराच्या?”

मी अस्तराच्या म्हणालो. साडीच्या गाठीवर ते हमालाला झोपू देत नाहीत.